अर्धा सेकंद

दुपारचे साडेतीन वाजले असतील. विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत तीस जणांचं प्रात्यक्षिक चालू होतं आणि दिव्यांनी झपकी मारली. विझले नाहीत, पापणी लवावी तसे फिके होऊन पुन्हा उजळले. पंख्यांची गती कमी झाल्याचं कुणाला जाणवलंही नाही. पण तीसपैकी बावीस पडदे काळे झाले आणि मग एकेक करून, आपापल्या सवडीनं, जागे व्हायला लागले. कुणी ओरडलं नाही. खोलीभर एक उसासा, खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज, एवढंच. मधल्या रांगेतल्या एका मुलीची बोटं मात्र होती तिथेच कळांवर राहिली. यंत्र सुरू झाल्यावर तिनं फाइल उघडली. साठेक ओळींपैकी अठरा उरल्या होत्या. काही न बोलता तिनं पुन्हा लिहायला घेतलं. पुढचा तासभर प्रत्येक ओळीनंतर, कधी तर ओळ अर्धी असतानाच, तिचा डावा हात कंट्रोल-एस दाबत राहिला. ओळ, टक्. अर्धी ओळ, टक्.

गेलेल्या ओळी तिनं वीस मिनिटांत भरून काढल्या. ते टक् मात्र तास संपेपर्यंत थांबलं नाही.

अर्ध्या सेकंदात असं काय होतं, याचं उत्तर संगणकाच्या पाठीमागच्या पत्र्याच्या डब्यात आहे. भिंतीतून येणारी वीज लाटेसारखी वरखाली होते. ५० हर्ट्झवर एक लाट २० मिलिसेकंदांची. या लाटेची सपाट डीसी वीज करणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये एक मोठा कपॅसिटर असतो, छोट्या टाकीसारखा. वरून धार थांबली की टाकीतला साठा पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद पुरतो. म्हणजे एक लाटसुद्धा नाही. पंख्याला स्वतःच्या फिरण्याचा जोर असतो, तो त्यावर वेळ मारून नेतो. संगणकाजवळ असा कुठलाच जोर नसतो. दूर कुठेतरी तारेला फांदी घासते, शेजारच्या फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर, शॉर्टसर्किट होतं आणि तिथला ब्रेकर पडेपर्यंत सगळ्यांचंच व्होल्टेज खाली जातं. किंवा एखादी मोठी मोटर सुरू होताना नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. दिव्यांना झपकी येते ती अशी. संगणकांनी काय सोसावं याचा एक रूढ आलेख आहे: वीज पूर्ण गेली तर २० मिलिसेकंद आणि व्होल्टेज ७० टक्क्यांवर आलं तर अर्धा सेकंद तग धरावा. त्या दुपारी जे आठ संगणक वाचले त्यांच्यावर भार कमी असेल किंवा त्यांचे कपॅसिटर ताजे असतील. जुना कपॅसिटर आतून सुकत जातो आणि त्याची टाकी दरवर्षी थोडी लहान होते. म्हणून झपकीत आधी जुनी यंत्रं पडतात. नवी यंत्रं घ्यायची ऐपत नसलेल्या विभागाला तीच झपकी जास्त महाग पडते.

वीज किती भरवशाची, हे मोजायच्या पद्धती ठरलेल्या आहेत. वर्षभरात एका ग्राहकाची वीज सरासरी किती वेळा गेली याला सैफी म्हणतात, आणि मिळून किती वेळ गेली याला सैडी. बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्या व्याख्येनुसार या दोन्हींत पाच मिनिटांहून जास्त टिकलेलाच खंड धरतात. त्याहून छोट्या खंडांसाठी मैफी नावाचा वेगळा निर्देशांक आहे आणि तो अनेक ठिकाणी नोंदवलाच जात नाही. त्या दुपारची झपकी तर खंडही नव्हती, नुसतं व्होल्टेज पडलं होतं. ती या तिन्हींपैकी कुठल्याच वहीत चढणार नाही. ‘९९ टक्के वीज’ हा आकडाही असाच. ऐकायला भरभक्कम वाटतो. हिशोब केला तर दिवसाला १४ मिनिटं २४ सेकंद अंधार, वर्षाला ८७.६ तास. पण ती १४ मिनिटं सलग येतात की चौदा वेळा एकेक मिनिटानं, हे त्या टक्क्यात दिसत नाही. पाण्याच्या पंपाला दोन्ही सारखंच. लिहीत बसलेल्याला, प्रयोग लावलेल्याला, गणिताच्या सिद्धतेत अर्ध्यावर पोचलेल्याला सारखं नाही.

२०१४ मध्ये अल्टमन, ट्रॅफ्टन आणि हॅम्ब्रिक या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ठरावीक क्रमानं पायऱ्या असलेलं काम दिलं आणि मधेच छोटा व्यत्यय आणला. व्यत्यय सरासरी २.८ सेकंदांचा असेल तर त्यानंतर क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं, ४.४ सेकंदांचा असेल तर तिप्पट. काम तेच, हात तेच, घालवलेला वेळ नगण्य. हरवली ती ‘आपण कुठल्या पायरीवर होतो’ ही जागा. त्याआधी २००९ मध्ये सोफी लरॉय यांनी दाखवलं होतं की एक काम अपुरं टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो. आता वीज जाण्याचा प्रसंग घ्या. यंत्र पुन्हा सुरू व्हायला दोन मिनिटं, राउटर जागं व्हायला दोन-तीन मिनिटं, पुन्हा लॉग-इन, उघडे असलेले पंधरा टॅब परत आणणं, कुठला संदर्भ कशासाठी काढला होता ते आठवणं. आणि हे सगळं करताना मनाचा एक कोपरा छताकडे लागलेला: पुन्हा जाईल का?

हे सगळं वीज परत आल्यानंतरचं.

म्हणून ‘रोज किती तास वीज असते’ या प्रश्नापेक्षा ‘ती कधी जाणार हे आधी कळतं का’ हा प्रश्न शिकणाऱ्याच्या जास्त जवळचा आहे. दक्षिण आफ्रिकेत भारनियमनाचे टप्पे ठरलेले असत. पहिला टप्पा म्हणजे १,००० मेगावॉटची कपात, पुढच्या प्रत्येक टप्प्याला आणखी १,०००, असं चढत जाणारं. कुठल्या भागाची वीज कुठल्या दोन तासांत जाणार याचं वेळापत्रक लोकांच्या फोनवर असे. त्रास प्रचंड होता आणि २०२३ साली तर त्यानं कळस गाठला. तरीही वेळापत्रकाला एक किंमत आहे. सहा ते आठ वीज नाही हे सकाळी कळलं की विद्यार्थी दुपारी लॅपटॉप भरून ठेवतो, व्याख्यानं उतरवून घेतो, त्या दोन तासांत कागदावर गणितं सोडवतो, पाठांतर करतो, नाहीतर सरळ झोपतो आणि नंतर बसतो. घानात २०१२ नंतरच्या काही वर्षांत विजेच्या लपंडावाला लोकांनी ‘डुमसॉर’ म्हणायला सुरुवात केली. तिथल्या ट्वी भाषेत त्याचा अर्थ विझव-पेटव. त्या शब्दात किती वेळ वीज नव्हती हे कुठेच नाही. तिचं येणं-जाणं आहे. सोसणाऱ्यांनी शब्द नेमका निवडला. वेळ न सांगता गेलेल्या विजेचे दोन तास कशालाच उपयोगी पडत नाहीत. ‘येईलच आता’ म्हणत माणूस बसून राहतो. ते थांबणं विश्रांतीही नसतं आणि अभ्यासही नसतो. फोन हातात येतो, त्याची बॅटरी उतरते, आणि वीज येते तेव्हा डोकं आणि फोन दोन्ही रिकामे झालेले असतात. दोन तासांचं पाळलेलं वेळापत्रक एका तासाच्या बेभरवशापेक्षा विद्यार्थ्याला परवडतं, हे नियोजन करणाऱ्यांनी खरंच मनावर घ्यायला हवं.

विजेची सर्वाधिक मागणी अनेक ठिकाणी संध्याकाळी असते, आणि दिवसभराचे तास संपवून विद्यार्थी बसतो तोही संध्याकाळीच. कपात नेमकी तेव्हाच गाठते. गिनीच्या राजधानीत, कोनाक्रीत, २००७ च्या सुमारास विद्यार्थी विमानतळाच्या वाहनतळावर दिव्यांच्या खांबाखाली बसून परीक्षेचा अभ्यास करत. ती छायाचित्रं जगभर छापून आली. त्याकडे जिद्दीचं उदाहरण म्हणून पाहण्याचा मोह होतो. पण खांबाखालच्या मुलाला यायला-जायला लागलेला वेळ, पायाशी डास, मांडीवर वही, वरून पडणारी स्वतःच्याच डोक्याची सावली, हे सगळं अभ्यासातून वजा होतं. वाचायच्या टेबलावर ५०० लक्स उजेड असावा असं प्रकाशयोजनेची मानकं सांगतात. मेणबत्ती एक मीटरवर १ लक्स देते. हातभर जवळ, ३० सेंटिमीटरवर आणली तर ११. अक्षर दिसतं, पण तळटीप दिसत नाही, आलेखावरच्या दोन रेषांचे रंग वेगळे कळत नाहीत, आणि तासाभरात कपाळ दुखायला लागतं. त्याउलट ५ वॉटचा साधा एलईडी दिवा पुस्तकावर अर्ध्या मीटरवरून रोखला तर ५०० लक्सच्या आसपास पोचतो. २०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत कागदावर ७४ वॉट-तास असतात, हाती साठेक येतात. हा दिवा त्यावर बारा तास चालेल. खोलीभर उजेड पाडायचा नाद सोडून पानावर उजेड पाडायचा, एवढं कळलं तरी अर्धी रात्र वाचते.

उकाड्याचा हिशोब मात्र पॉवर बँकेनं सुटत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात बोस्टनमध्ये उष्णतेची लाट असताना ४४ विद्यार्थ्यांच्या रोज सकाळी छोट्या चाचण्या घेतल्या होत्या. वातानुकूलित खोल्यांत झोपणाऱ्यांच्या तुलनेत तशी सोय नसलेल्या मुलांना एका चाचणीत उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला, आणि साध्या बेरीज-वजाबाकीतही त्यांचे गुण साधारण तेवढेच कमी पडले. तरुण, निरोगी मुलं होती ती. रात्री पंखा थांबल्यावर जी झोप मोडते ती सकाळच्या तासाला अशी दिसते, आणि शिकवणाऱ्याला वाटतं वर्गाचं लक्ष नाही.

ज्याच्या त्याच्या खोलीतल्या सोयीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे पैसे वाया जातात. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे राउटरचा छोटा डीसी यूपीएस. बहुतेक राउटर १२ व्होल्ट, १ ते २ अँपिअरच्या ॲडॅप्टरवर चालतात आणि प्रत्यक्षात ६ ते १० वॉट खातात. छोट्या यूपीएसमध्ये १८६५० आकाराच्या तीन लिथियम पेशी असल्या, प्रत्येकी २,५०० मिलिअँपिअर-तासांच्या, तर साठा होतो पावणेअठ्ठावीस वॉट-तास. गळती जाता चोवीस. आठ वॉटचा राउटर त्यावर तीन तास चालतो. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवरचे आकडे वाचायचे: काही राउटर ९ व्होल्टवर चालतात, त्यांना १२ दिले तर ते जळू शकतात. पिनेची जाडी आणि मधलं टोक धन की ऋण, हेही जुळायला हवं. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज लागते. एकालाच दिली की वाय-फायचे दांडे पूर्ण दिसतात आणि इंटरनेट नसतं, आणि माणूस उगाच राउटरला दोष देतो. एवढं करूनही रस्त्यावरच्या वितरण पेटीला वीज नसेल तर काही चालणार नाही. मग सगळी वस्ती एकदम मोबाइल डेटावर येते, टॉवर तुंबतो, आणि त्याच्याही बॅटऱ्या काही तासांच्याच असतात. वाचायचं साहित्य आधी उतरवून ठेवणं हा उपाय जुनाट वाटतो, पण बाकी सगळं बंद पडलं तरी तोच चालू असतो.

डेस्कटॉपखालच्या ६०० व्हीए यूपीएसकडून लोक भलतीच अपेक्षा ठेवतात. त्याचे खरे वॉट साधारण ३६०, आणि आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची एकच बॅटरी. कागदावर ८४ वॉट-तास, पण शिसे-आम्ल बॅटरीकडून भराभर वीज ओढली की ती लिहिल्याच्या निम्मीच हाती लागते. संगणक आणि पडदा मिळून १२० वॉट धरले तर नव्या बॅटरीवर १५-२० मिनिटं. हा वेळ काम पुढे रेटायला नसतो, जतन करून नीट बंद करायला असतो. यूपीएसमागची यूएसबी वायर संगणकाला जोडून ‘बॅटरी २० टक्क्यांवर आली की हायबरनेट’ असं एकदा लावून ठेवलं की माणूस जेवायला गेलेला असला तरी काम वाचतं. ती वायर बहुतेक घरांत खोक्यातच पडून असते. लेझर प्रिंटर यूपीएसला लावायचा नाही, त्याचा तापणारा रूळ एका झटक्यात सगळी ताकद पिऊन टाकतो. आणि सगळ्यात दुःखाची गोष्ट: जिथे वीज वारंवार जाते तिथेच ही बॅटरी लवकर मरते. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला सहा-आठ तास लागतात. दिवसातून चारदा वीज गेली तर ती कायम अर्धपोटी राहते, शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती भरूनही भरत नाही. त्यात उकाडा. खोलीचं तापमान २५ अंशांच्या वर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं, म्हणजे चार वर्षांची बॅटरी दोन वर्षांत. म्हणून सहा महिन्यांतून एकदा मुद्दाम प्लग काढून, घड्याळ लावून, ती किती मिनिटं टिकते ते बघावं. भरवसा तपासायचा असेल तर तो वीज असतानाच तपासावा.

प्रयोगशाळेत गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. तिथे जाणाऱ्या विजेपेक्षा परत येणाऱ्या विजेची धास्ती जास्त असते. रसायनशास्त्रातला एखादा विद्यार्थी द्रावण उकळत ठेवतो; खाली तापवणारं मँटल, वर थंड पाणी फिरवणारा कंडेन्सर. वीज गेली की दोन्ही थांबतात, चटकन काही बिघडत नाही. वीज आली की मँटलचं बटन दाबलेलंच असल्यानं ते आपोआप तापायला लागतं; पाणी फिरवणारा चिलर मात्र अनेकदा हातानं पुन्हा सुरू करावा लागतो. वाफ वर जाते आणि तिला थंड करणारं काहीच नसतं. धुराडं म्हणजे फ्यूम हूडही बंदच. विद्यार्थी तोवर चहाला गेलेला. म्हणून वीज गेल्या क्षणी प्रत्येक तापणाऱ्या यंत्राचं बटन बंद करणं ही पहिली शिस्त, आणि शक्य तिथे नो-व्होल्ट रिलीज असलेला स्विच बसवणं ही दुसरी. वीज एकदा गेली की तो स्वतःहून सुटतो आणि माणसानं दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही. व्हॅक्यूम पंप अचानक थांबला आणि त्याची झडप नीट बसली नाही तर तेल उलट नळीत चढतं. फ्रीझरचे कॉम्प्रेसर वीज येताच सुरू झाले तर आतला दाब अजून उतरलेला नसतो, मोटर अडून बसते आणि तापते. तीन ते पाच मिनिटांचा डिले टायमर ती वाचवतो. उणे ८० अंशांचा फ्रीझर भरलेला असेल आणि दार उघडलं नाही तर काही तास गारवा धरून ठेवतो, पण ‘आत ठीक आहे ना’ म्हणून बघायला पाच जण पाचदा दार उघडतात आणि तो गारवा त्यांच्याच पायावर सांडतो. दारावर कुलूप नको, एक कागद पुरतो: वीज गेली, वेळ अमुक, उघडू नका.

जीवशास्त्रातलं पीसीआर घ्या, डीएनएच्या भरपूर प्रती काढायची पद्धत. तीसेक चक्रं, प्रत्येकात ९५ अंशांपर्यंत चढणं, ५५-६० पर्यंत उतरणं, पुन्हा ७२. सगळं मिळून दीड-दोन तास. अठराव्या चक्राला वीस मिनिटं वीज गेली तर नमुना हळूहळू खोलीच्या तापमानाला येतो आणि त्या तापमानाला प्रायमर, म्हणजे प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, नको तिथे चिकटतात. नवी यंत्रं वीज आल्यावर सोडलं तिथून पुढे जातात, आणि हाच घोळ आहे: यंत्र ‘पूर्ण झालं’ म्हणतं, डीएनए तपासायच्या जेलवर पट्ट्याही दिसतात, पण त्या खऱ्या की मधल्या वीस मिनिटांच्या, हे सांगता येत नाही. वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची १२१ अंशांवरची पंधरा मिनिटं अकराव्याला तुटली तर उरलेली चार जोडून चालत नाही, पहिल्यापासून मोजावं लागतं. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राचा दिवा आणि आलेखाची पायारेषा स्थिर व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. तासिका दोन तासांची, यंत्र एक, गट सहा. एक खंड पडला की शेवटचे दोन गट मागच्या वर्षीच्या तयार आकड्यांवर अहवाल लिहितात. परीक्षेत ते पासही होतात. त्यांना आयुष्यभर कळत नाही की ते यंत्र त्यांनी कधी चालवलंच नव्हतं.

जनरेटर आहे, असं उत्तर लगेच येतं. जनरेटर वीज जोडायला दहा ते तीस सेकंद घेतो, आणि संगणकाला सतरा मिलिसेकंद मिळतात. मधली दरी यूपीएसनंच भरायची असते. शिवाय ऐन वेळी जनरेटर सुरू होत नाही त्यामागे बहुतेकदा इंजिन नसतं, तर त्याला धक्का देणारी मरतुकडी स्टार्टर बॅटरी असते. महिन्यातून एकदा तो खऱ्या भारावर चालवून पाहायचा असतो. नुसता रिकामा फिरवला तर न जळलेलं डिझेल एग्झॉस्टमध्ये साचत जातं.

संगणकावर दिवसेंदिवस चालणाऱ्या गणनेसाठी एक जुनं सूत्र आहे, आणि त्या मुलीच्या डाव्या हाताकडे नेणारा रस्ता त्यातूनच जातो. १९७४ मध्ये जॉन यंग यांनी मांडलं: जतन करायला लागणारा वेळ आणि दोन बिघाडांमधला सरासरी वेळ यांचा गुणाकार करा, दुप्पट करा, वर्गमूळ काढा, तेवढ्या वेळानं एकदा जतन करणं सगळ्यात किफायतशीर. समजा संगणकाला शिकवत असलेलं मॉडेल जतन करायला दोन मिनिटं लागतात आणि वीज सरासरी आठ तासांनी जाते. दोन गुणिले दोन गुणिले ४८०, म्हणजे १,९२०. वर्गमूळ जवळपास ४४. दर ४४ मिनिटांनी जतन. त्याहून वारंवार केलं तर वेळ जतनातच जातो, त्याहून क्वचित केलं तर गेलेलं काम पुन्हा करण्यात. बाकीची काळजी अनुभवानं येते: जुनी प्रत खोडून तिच्यावर लिहायचं नाही, कारण वीज नेमकी लिहितानाच जाऊ शकते, वेगळ्या नावानं लिहून पूर्ण झाल्यावर नाव बदलायचं, आणि मागच्या दोन प्रती ठेवायच्या. नुसती मॉडेलची वजनं, म्हणजे त्यानं शिकलेले आकडे, जतन करून भागत नाही, ती वजनं सुधारत नेणाऱ्या ऑप्टिमायझरची स्थिती, कितवी फेरी आणि यादृच्छिक आकड्यांचं बीजही लागतं. आणि मुद्दाम मधेच बंद करून ते खरंच पुढे चालतं का हे पहिल्याच दिवशी पाहायचं.

आता तेच सूत्र त्या मुलीला लावून पाहू. कंट्रोल-एसला लक्षाचा अर्धा सेकंद धरला आणि वीज दर दोन तासांनी दगा देते असं मानलं, तर उत्तर येतं ८५ सेकंद. दीड मिनिटाला एकदा पुरेसं होतं. ती दर दहा सेकंदांनी दाबत होती. त्या अधल्यामधल्या दाबण्यांना गणितात जागा नाही. त्यांच्यामुळे वाचली तर एखादी ओळ वाचली असती, पण लक्ष त्याहून जास्त खर्च होत होतं. ती भीतीची वसुली होती आणि वीज चालू असताना होत होती.

ही वसुली विद्यापीठभर चालते, आणि तिची पावती कुठेच नसते. संशोधनाचा विषय निवडताना मार्गदर्शक म्हणतो, ‘एका दुपारी संपेल असं काहीतरी घे.’ सहा आठवडे ३७ अंशांवर सांभाळायच्या पेशी नकोत, तीन दिवस चालणारं सिम्युलेशन नको, रात्रभर तापवायची भट्टी नको. त्याऐवजी प्रश्नावली, त्याऐवजी दुसऱ्यांच्या आकड्यांचं विश्लेषण. ती कामं कमी दर्जाची नाहीत. पण ती निवडली गेली ती कुतूहलामुळे नव्हे. फसलेल्या प्रयोगाची निदान वहीत नोंद राहते. न लावलेल्या प्रयोगाची कुठे ठेवायची? शिकवणाऱ्याचंही तसंच. दोनदा प्रक्षेपक बंद पडला की तिसऱ्या तासाला तो खडू घेऊन येतो, आणि हलतं सिम्युलेशन दाखवून दहा मिनिटांत कळलं असतं ते फळ्यावरच्या स्थिर आकृतीतून तासभर समजावत राहतो.

काही विद्यापीठांनी यातून स्वतःची वाट काढली. नायजेरियात २०१९ मध्ये कानो इथल्या बायेरो विद्यापीठाला ७.१ मेगावॉटचा आणि एनडुफू-आलिके इथल्या केंद्रीय विद्यापीठाला २.८ मेगावॉटचा सौर-संकरित प्रकल्प मिळाला. त्या योजनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट मेगावॉटमध्ये मोजता येत नाही: आवारातल्या रस्त्यांवरचे दिवेही तिच्यात होते. ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडं असलं तरी तिथून वसतिगृहापर्यंतची वाट काळोखी असेल तर मुली साडेसातलाच पुस्तकं आवरतात. ग्रंथालयाच्या वेळापत्रकात अकरा लिहिलेले असतात.

ज्यांच्या हातात मेगावॉट नाहीत त्यांच्या हातातही बरंच आहे. निबंध जमा करायची वेळ मध्यरात्रीची ठेवण्यात काही अर्थ नसतो. दुपारी ठेवली आणि वर न विचारता चोवीस तासांची सवलत दिली तर निम्म्या विनवण्या थांबतात. ऑनलाइन चाचणी मूडल या शिकवण्याच्या संगणकप्रणालीवर असेल तर उत्तरं मिनिटाला आपोआप जतन होतात, आणि ज्याची वीज गेली त्याच्यापुरती वेळ वाढवायची सोयही तिथे आहे. पण ती शिक्षकाला आधी ठाऊक असावी लागते. चाचणी संपल्यावर पुराव्याचे फोटो मागत बसण्यापेक्षा हे माणुसकीला धरून आहे. वीज गेली हे सिद्ध करायला लावणं ही विद्यार्थ्याला दुसऱ्यांदा दिलेली शिक्षा असते.

त्या संगणक प्रयोगशाळेत पुढच्या सत्रात दर दोन यंत्रांमागे एक लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस आला. फार महागडी वस्तू नव्हे. व्होल्टेज पडलं की चार ते दहा मिलिसेकंदांत बॅटरीवर जाते, म्हणजे सतरा मिलिसेकंदांच्या आत. एका दुपारी दिव्यांनी पुन्हा तशीच झपकी मारली. टेबलांखालच्या पंधरा पेट्यांमधून रिले पलटल्याचा टक् असा आवाज जवळजवळ एकदम आला. एकही पडदा हलला नाही. बऱ्याच जणांनी मान वर करून एकमेकांकडे पाहिलं, दोघं-तिघं हसले. मधल्या रांगेतली ती मुलगी लिहीतच राहिली. ओळ संपली, डावा हात सवयीनं कोपऱ्यातल्या कळेकडे गेला आणि तिथे क्षणभर थांबला.

मग दाबलीच तिनं. पण त्यानंतरची ओळ लांब होती, आणि तिच्यामागून आणखी दोन आल्या.